जिममध्ये आकडे वाढले, पण स्मॅशला वेग नाही: अडतंय कुठे ते शोधण्याचा क्रम

पुण्यात संध्याकाळच्या बॅचला मी गेली चौदा वर्षं बॅडमिंटन शिकवतोय. या काळात एक तक्रार जितक्या वेळा ऐकली तितकी दुसरी कुठलीच नाही. "सर, सहा महिने झाले जिम लावून. स्क्वॉट चाळीस किलोवरून सत्तरवर गेला. पण उडी तेवढीच आहे आणि स्मॅश समोरचा आरामात उचलतोय." त्याला जोडूनच प्रश्न येतो, "आता जिम आठवड्यातून पाच दिवस करू का?"

हे सगळं त्या प्रश्नासाठी लिहितोय. बहुतेक वेळा टाकी भरलेली असते, पण नळाला धार नसते. गळती मधेच कुठेतरी असते. ती न शोधता ताकदच वाढवत राहिलं, तर किंमत गुडघा आणि खांदा मोजतात. चांगली पोरं यात वर्ष-वर्ष बाहेर बसलेली मी पाहिली आहेत.

तपासण्या मी स्वतः ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत. आधी फुकटातल्या, मग खिशाला थोडी झळ लावणाऱ्या, शेवटी महिने घेणाऱ्या. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू धरून लिहिलंय, डावखुऱ्यांनी बाजू उलटी करून घ्यावी. गुडघा सुजलेला असेल किंवा उडी मारताना टाचेच्या मागे, कंबरेत कळ येत असेल, तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर हे तुमच्यासाठी आहे.

- वजनाचे आकडे वाढलेत, पण स्मॅश समोरच्याच्या रॅकेटवर सहज बसतो.
- जागेवर उभं राहून उडी छान जाते, पण मागच्या कोपऱ्यात पळत जाऊन मारायची वेळ आली की पाय जमीन सोडत नाहीत.
- शटलचा आवाज "टक्" असा कोरडा येत नाही, "फट्" असा बसका येतो.
- पहिला गेम जोरात जातो, दुसऱ्यात ११ गुणांवरच्या ब्रेकनंतर स्मॅश नेटमध्ये.
- सरावानंतर दंड आणि मनगट भरून येतं, मांड्या आणि पोट मात्र ताजंतवानं.
- उडीनंतर खाली येताना एकाच पायाचा धपकन आवाज येतो.

पाचवं लक्षण मी सगळ्यात आधी विचारतो. स्मॅशचा जोर पायातून निघून कंबर, पोट, खांदा, कोपर असा चढत हातात पोचायला हवा. नुसता दंडच दुखत असेल, तर बाकीचं शरीर कामालाच लागलेलं नाही आणि हात एकटा राबतोय.

तपासणी १: आधी मोजा

फोन पुरेसा आहे. कॅमेरा स्लो मोशनवर टाका, सेकंदाला २४० फ्रेम असा पर्याय बऱ्याच फोनमध्ये असतो. फोन जमिनीलगत पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा. खेळाडूने हात कंबरेवर ठेवून जागच्या जागी उडी मारायची आणि पाय सरळ ठेवून उतरायचं. बोटं जमीन सोडतात ती फ्रेम आणि पुन्हा टेकतात ती फ्रेम, यांमधल्या फ्रेम मोजा. त्याला २४० ने भागलं की हवेतला वेळ सेकंदात मिळतो. त्या आकड्याचा वर्ग करून १२२.६ ने गुणा, उडीची उंची सेंटिमीटरमध्ये आली. १२० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे साधारण ३१ सेंटिमीटर. १४४ फ्रेम म्हणजे ४४ सेंटिमीटर. गुडघे पोटाशी घेऊन उतरलं तर आकडा खोटा वाढतो, तेवढं सांभाळा.

स्मॅशसाठी रॅकेटला शटल लागल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. शटल तेच, टॉस देणारा तोच, आणि जमिनीवर ठेवलेल्या एकाच टॉवेलवर मारायचं. दहा मारा, त्यातले सगळ्यात जलद पाच वहीत लिहा. हा आकडा दुसऱ्या कुणाशी ताडून पाहण्यासाठी नाही, पुढच्या महिन्यातल्या स्वतःशी ताडण्यासाठी आहे.

पोरं मला सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा ताशी ५६५ किलोमीटर हा आकडा सांगतात. आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीचा तो जोडीदार, त्यामुळे कौतुक वाटणारच. तो विक्रम १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये, मुद्दाम मांडलेल्या चाचणीत झाला, आणि असा वेग शटल रॅकेटवरून सुटतं त्या क्षणाचा असतो. डेन्मार्कच्या मॅड्स पीलर कोल्डिंगने २०१७ मध्ये आपल्याकडच्या लीगमध्ये, चालू सामन्यात, ताशी ४२६ किलोमीटरचा स्मॅश मारला होता. पिसांना हवेचा अडथळा इतका असतो की समोरच्यापर्यंत जाताना यातला बराच वेग गळून गेलेला असतो. म्हणून फोनवरच्या ॲपने दाखवलेला आकडा बघून खूशही होऊ नका आणि खचूही नका.

आता चार गोष्टी मोजा: उभ्याने मारलेला स्मॅश, जंप स्मॅश, जागेवरची उडी, आणि मधून पळत जाऊन मागच्या कोपऱ्यात मारलेली उडी. बिघाड कुठे आहे ते यातूनच बरंचसं कळतं.

उभ्याने मारलेला जलद आणि जंप स्मॅश मंद असेल, तर वेळ चुकतेय, चौथी तपासणी बघा. दोन्ही मंद पण उडी चांगली, तर दोष रॅकेट, पकड किंवा हातात आहे. जागेवरची उडी चांगली आणि कोपऱ्यातली फार कमी, तर फुटवर्क. जागेवरची उडीच वर जात नसेल, तर खाणं, झोप आणि व्यायामाचा प्रकार. हे न मोजता जिमचे दिवस वाढवणं म्हणजे रक्त न तपासता तापाचं औषध बदलत राहण्यासारखं आहे.

तपासणी २: शटल, हॉल आणि बूट

नियमातली चाचणी सोपी आहे. मागच्या सीमारेषेवर उभं राहून, खालून वर, पूर्ण जोराने, बाजूच्या रेषेला समांतर शटल मारायचं. ते पलीकडच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडलं तर वेग बरोबर. त्याहूनही अलीकडे पडत असेल, तर शटल मंद आहे आणि तुमचा स्मॅशही मंदच दिसणार.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. हवा थोडी विरळ, त्यामुळे तेच शटल इथे मुंबईपेक्षा जरा जास्त पळतं. उन्हाळ्यात आणखी पळतं, कारण तापलेली हवाही विरळ असते. म्हणूनच डब्यावर ७६, ७७, ७८ असे वेगाचे आकडे असतात. एकदा आमची पोरं कोकणात स्पर्धेला गेली आणि पहिल्या दिवशी झाडून सगळी म्हणाली, "सर, हात जड झालाय." हात ठीक होते. घरी वापरायचो त्याच आकड्याचं शटल तिथल्या समुद्रसपाटीच्या दाट हवेत मागच्या रेषेपर्यंत पोचत नव्हतं. दोन पोरांनी त्या दिवशी रागाने इतका जोर लावला की खांदे धरून परत आली. तेव्हापासून कुठेही गेलो की मी आधी चाचणी घेतो, मग पोरांना मारायला सांगतो.

रोज नायलॉनच्या शटलवर सराव आणि स्पर्धा पिसांच्या शटलवर असेल, तरीही तुलना फसते. पुण्याच्या कोरड्या थंडीत पिसं कडक होऊन मोडतात. आदल्या रात्री डबा थोडा वेळ वाफेवर धरला तर ती टिकतात.

बुटाचा तळवा उलटा करून बघा. गम सोल गुळगुळीत झाला असेल तर पाय सटकेल या भीतीने शरीर आपोआप अर्ध्या जोराने उडतं. खेळाडूला ते कळतही नाही. जाड टाचेचे पळायचे बूट कोर्टवर नकोतच, घोटा मुरगळायला एक वाकडं पाऊल पुरतं. हॉलची फरशी सिमेंटची किंवा शहाबादी असेल, तर त्यावर उड्यांचा सराव करू नका. लाकडी किंवा मॅटचं कोर्ट मिळेल त्या दिवशी करा, नाहीतर मैदानातल्या मातीवर.

तपासणी ३: ग्रिप आणि गट (रॅकेटच्या जाळीची तार)

गेल्या वर्षीची गोष्ट. बॅचमधली पंधरा वर्षांची मुलगी, राज्य स्पर्धेची तयारी चालू, आठ महिने जिम. पायात इतकी ताकद की दोरीवर दहा मिनिटं थांबत नसे. स्मॅश मात्र अंगात जीव नसल्यासारखा. मी तिची रॅकेट हातात घेतली आणि मूठ जाड लागली. "अगं, किती ग्रिप चढवल्यास?" म्हटलं तर म्हणाली, "घाम येतो ना सर." तिथेच बाकावर बसून सोलायला घेतली. वरची निळी, मऊ झालेली. तिच्याखाली पांढरी, कडेला काळी पडलेली. तिच्याखाली टॉवेलची ग्रिप, घामाने आंबट वास मारणारी आणि एका बाजूला गोळा झालेली. आणि सगळ्यात खाली रॅकेटसोबत आलेली मूळ. चार थर. मुठीचे आठही कोपरे बुजून ती लाटण्यासारखी गोल झाली होती. बोटांना रॅकेटचं तोंड कुठे वळलंय हेच कळत नव्हतं, म्हणून ती मूठ आवळून धरायची. आवळलेल्या मुठीत हात वळत नाही आणि वळला नाही तर वेग येत नाही. सगळे थर काढून मूळ लाकडावर एकच पातळ ग्रिप बसवली. त्याच संध्याकाळी आवाज बदलला. तिची आई बाकावरून उठून बघायला आली.

तुमची मूठ अशी तपासा: रॅकेट सैल धरा आणि फक्त अंगठा-बोटांनी गोल फिरवा. अडकत असेल तर जाड आहे. शे-दीडशे रुपयांत काम होतं.

मग गट. शाळकरी पोराच्या रॅकेटला २८-३० पौंड ताण दिलेला मी दर महिन्याला बघतो, कारण टीव्हीवरचे खेळाडू तसा वापरतात. ताण जितका जास्त, तितकी जाळीतली बरोबर लागायची जागा लहान. हात आधीच जलद असेल त्यालाच तो फळतो. बाकीच्यांच्या हाती कडक फळी येते, शटल मेल्यासारखं सुटतं आणि धक्का कोपरात जातो. २२ ते २४ पौंडांवर या, महिनाभर खेळा, मग हवं तर एकेक पौंड चढवा. जुना गट तुटला नाही म्हणून चांगला असतो असंही नाही, ताण हळूहळू उतरतच असतो. आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग करून घ्या, हा जुना हिशोब मला अजूनही पटतो. रॅकेटचं वजनही बघा. ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम. डोक्याकडे जड रॅकेट हळू हाताला आणखी हळू करते.

तपासणी ४: पकड, हाताचा पीळ आणि वेळ

इथे सगळ्यात जास्त वेग सांडतो, म्हणून इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो.

आधी पकड. रॅकेटचं तोंड सपाट समोर करून, चुलीवरचा तवा धरावा तशी पकड असेल तर पुढचं काही जमणार नाही. सुरीने कापायला धरतो तशी धरा, रॅकेटची कड समोर. मग मारताना कोपरापुढचा हात आतल्या बाजूला पिळला जातो, आणि त्याच्या जोडीने खांद्यातून दंड आत फिरतो. स्मॅशच्या वेगात हातातला मोठा वाटा या दोन वळणांचा आहे. आपण सवयीने "मनगटाचा खेळ" म्हणतो. सांगलीचे नंदू नाटेकर, १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, त्यांचं नाव घेतलं की जुनी माणसं आधी मनगटाबद्दलच बोलतात. लांबून बघणाऱ्याला मनगट दिसतं, पण त्यामागे आख्खा हात पिळत असतो. पोरं हे "मनगट" शब्दशः घेतात, पंजा पुढे मोडतात आणि मनगट दुखवून बसतात. मूठ शटल लागेपर्यंत सैल आणि लागताना आवळलेली. आधीपासून आवळलेला हात फिरत नाही.

याची चाचणी रॅकेटशिवाय होते. जुनं शटल हातात घ्या आणि खांद्यावरून नेटपलीकडे जितकं लांब फेकता येईल तितकं फेका. ज्याला फेकता येत नाही त्याला स्मॅश येत नाही, यात मला आजवर एकही अपवाद भेटलेला नाही. लगोरी खेळलेली, दगडाने कैऱ्या पाडलेली, गल्लीत क्रिकेटचा बॉल सीमेवरून फेकलेली पोरं ही हालचाल घेऊनच येतात. सहाव्या वर्षी थेट रॅकेट हातात घेतलेल्या आणि कधीच काही न फेकलेल्या मुलांना ती शिकवावी लागते. रोज तीस फेक, आडवं उभं राहून, डावा हात वर, आधी कंबर वळवून मग हात. तीन आठवड्यांत फरक दिसतो. डावा हात विसरू नका. तो वर जाऊन झटक्यात पोटाशी आला की छाती आपोआप वळते. ज्यांचा डावा हात लोंबकळत राहतो, त्यांचं अर्धं धड कामाला लागत नाही.

मग वेळ. जंप स्मॅशची फिल्म थांबवून बघा: शटल लागतं त्या फ्रेममध्ये शरीर वर जातंय, सगळ्यात उंच आहे, की खाली येतंय? नवशिके जवळजवळ सगळे खाली येताना मारतात, कारण उडी लवकर घेतात. अशा उडीत ताकद कितीही वाढवली तरी उपयोग नाही, वर गेलेली उंची परत खाली आलेली असते. दुसरी फ्रेम: शटल डोक्याच्या थोडं पुढे लागतंय की मागे? मागे लागत असेल तर पाय उशिरा पोचलेत. समोरचा मारायच्या क्षणी दोन्ही पायांवर छोटी उसळी घेऊन तयार राहणं आणि पहिलं पाऊल झटकन टाकणं, इथे वेळ वाचतो. महिनाभर शॅडो फुटवर्क करा, दिवसाला दहा मिनिटं, शटलशिवाय.

उडीचा खरा फायदा कोनात आहे, तो समजून घ्या. नेट मधोमध १.५२४ मीटर उंच. नेटपासून ४ मीटर मागे उभं राहून २.४ मीटर उंचीवर शटल मारलं आणि ते नेटला घासून सरळ रेषेत गेलं असं धरा. पलीकडे ते जवळपास ७ मीटरवर पडेल, म्हणजे ६.७० मीटरच्या मागच्या रेषेबाहेर. तेच ३० सेंटिमीटर वरून मारलं तर साधारण ५.२ मीटरवर पडेल. हवेमुळे दोन्ही प्रत्यक्षात आणखी आधी खाली येतात, पण फरक तसाच राहतो. तेव्हा उडीने वेग वाढला नाही म्हणून नाराज होऊ नका. समोरच्याला शटल पायाजवळून उचलावं लागतंय का, ते बघा.

तपासणी ५: खाणं, झोप, वाढीचं वय

सकाळी सहाची बॅच, दिवसभर कॉलेज, चारला क्लास, सातला जिम, अकराला जेवण. हे वेळापत्रक सांगणाऱ्याला मी कुठलाही व्यायाम देत नाही, आधी झोपायला सांगतो. स्नायू तयार होतो तो विश्रांतीत. सरावाआधी दीड-दोन तास पोळी-भाजी, केळं, पोहे काहीतरी पोटात हवं, चहा-बिस्किटावर दुसरा गेम निघत नाही. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं किंवा मासे यांतलं काहीतरी असू द्या. पावडरचे डबे हा पुढचा विषय, बऱ्याच घरांत त्याची वेळच येत नाही.

मुलीची उडी दोन-तीन महिन्यांत आपोआप घटली, धाप लवकर लागायला लागली, चेहरा ओढलेला दिसतो, तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन तपासा. माझ्या बॅचमध्ये हे इतक्या वेळा निघालंय की आता मी पालकांना स्वतःहून विचारतो.

उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात मुलगा काही महिने धांदरट होतो. हातपाय लांब झालेले असतात आणि मेंदूला नवी मापं कळायची असतात. स्मॅश बिघडतो, आई-बाप घाबरतात. भिंतीवर दर महिन्याला उंचीची खूण करा. ती पळत असेल तर उड्या कमी करा आणि थांबा.

तपासणी ६: ताकद आहे, पण कुठली?

इथवर सगळं ठीक निघालं, तरच जिमकडे बघायचं.

जिममध्ये बहुतेक जण पंधरा-पंधराचे सेट, दमेपर्यंत, सावकाश मारतात. त्याने मांडी भरते. स्मॅशच्या उडीत मात्र पाय जमिनीवर क्षणभरच असतो. तेवढ्या वेळात किती जोर काढता येतो, त्यावर उडी ठरते. सावकाश काढलेली ताकद तिथे पोचतच नाही. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस, कमी आवर्तनं, योग्य देखरेखीखाली चढतं वजन, आणि प्रत्येक वेळी वर येताना झटक्यात. उड्या त्याआधी, ताज्या पायांनी. सुरुवातीला एका दिवसात ४० ते ६० उड्या पुरे, आणि दोन उडीच्या दिवसांत किमान ४८ तासांचं अंतर. उतरण्याचा आवाज ऐका. तो मांजरासारखा हलका होईपर्यंत उंचावरून उडी मारायच्या भानगडीत पडू नका.

उड्या वाढवायच्या आधी घरीच दोन चाचण्या घ्या. भिंतीला बोट टेकवून एका पायावर टाच वर-खाली करा, प्रत्येक पायावर न थांबता २५ निघायला हवेत. मग खुर्चीवरून एका पायावर उठा-बसा, दहा वेळा, गुडघा आत न पडता. जो पाय मागे राहतो तो कमकुवत आहे. मागे वळून मारलेल्या स्मॅशनंतर डाव्या पायावर उतरतो, त्यामुळे उजव्या हाताच्या खेळाडूंचा डावा गुडघा आणि डावी पोटरी मी जास्त बघतो. कमकुवत पाय बरोबरीला येईपर्यंत उड्या नकोत.

खांद्याला पुढे ढकलणारे व्यायाम सगळे करतात, मागे ओढणारे कुणी करत नाही. रबर बँड दाराच्या कडीला बांधून, कोपर कुशीला लावून हात बाहेर फिरवा, दोन-तीन सेट, एक दिवसाआड. स्मॅशनंतर हाताला आवरणारे स्नायू तेच. ब्रेक कमजोर असला की शरीर गाडी जोरात पळवू देत नाही.

चौदा वर्षांखालच्यांना दोरीवरच्या उड्या, बैठका, जिने, सूर्यनमस्कार भरपूर झालं. वजन उचललं की उंची खुंटते ही भीती मात्र निराधार आहे. जाणकार समोर असेल आणि वजन हलकं असेल तर उचलायला हरकत नाही.

या सगळ्याला आठ ते बारा आठवडे द्या. दर दोन आठवड्यांनी पहिल्या तपासणीतले चारही आकडे पुन्हा घ्या. आठ आठवड्यांत एकही हलला नाही, तर स्वतः आणखी प्रयोग करू नका. खेळाडूंसोबत काम करणाऱ्या फिटनेस प्रशिक्षकाला दाखवा.

इथे थांबा, घरी काही करू नका

काही वर्षांपूर्वी चाळिशीचे एक काका तिसऱ्या गेमला मागे उडी मारताना थबकले आणि वळून म्हणाले, "कोणी काठी मारली रे पायावर?" मागे कुणीच नव्हतं. मी बर्फ लावला आणि लचक असेल समजून घरी जाऊ दिलं. टाचेची कंडरा तुटली होती, आणि ते डॉक्टरकडे गेले तेव्हा दहा दिवस उलटले होते. ते दहा दिवस माझ्यामुळे गेले आणि ते मला अजून टोचतं. टाचेच्या मागे फटका बसल्यासारखं वाटलं आणि त्या पायावर चवड्यावर उभं राहता येत नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ. पाय टेकवायचाही नाही.

उतरताना गुडघ्यात कट् झालं आणि काही तासांत सूज आली, किंवा गुडघा सटकल्यासारखा वाटतो, तर तेही त्याच दिवशी. रिओची सुवर्णविजेती कॅरोलिना मारिन २०१९ पासून तीनदा गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीतून गेली, तिसऱ्यांदा पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात. तिच्या पायांत ताकद कमी होती असं कुणी म्हणणार नाही.

अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबलं की दुखतं, किंवा मोठ्यांना वाटीच्या खालच्या टोकाशी दुखतं: उड्या बंद, फिजिओथेरपिस्ट. दुखण्यावर पट्टा बांधून स्पर्धा काढू नका.

वाढीच्या वयात, मागे वाकून स्मॅश मारताना कंबरेत एका बाजूला दुखतं आणि दोन आठवड्यांत थांबत नाही: मणक्याच्या हाडाला ताणाने चीर गेलेली असू शकते. मालिश, कंबर मोडून घेणं, बोनसेटर यातलं काहीही करू नका. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

खांदा रात्री झोपेतून उठवतो, हात वर नेताना जोर जातो, बोटांना मुंग्या येतात: स्मॅश बंद, डॉक्टर. मुलीची पाळी सुरू होऊन नियमित झाल्यावर तीन महिने चुकली, तर जिम आणि डाएट थांबवून डॉक्टर. चाळिशीनंतर खेळताना छातीत दाब किंवा अंधारी आली, तर खेळ तिथेच थांबवून थेट रुग्णालय.

फिजिओकडे जाताना फोनमधल्या फिल्म आणि वही सोबत न्या. वहीत तारीख, त्या दिवशीच्या उड्यांची संख्या, दुखणं शून्य ते दहात किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना किती, एवढं लिहिलेलं असू द्या. त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या वहीत सहाव्या आठवड्याला "डावा गुडघा, ३, सकाळी ४" अशी एक ओळ होती. ती बघून फिजिओने तिच्या उड्या निम्म्या केल्या आणि डाव्या पोटरीचा व्यायाम दुप्पट. पुढच्या पानावर १, आणि त्यापुढे शून्य आहे.